काळ्या मातीखालचे खूर

बैल, घोडा, गेंडा, पाणघोडा यांचे आद्य पूर्वज आणि भाऊबंद एके काळी आपल्याच देशात, आपल्याच महाराष्ट्रात चरत होते. आज ते नाहीत. उरली आहेत ती त्यांची दगड झालेली हाडे आणि दात. त्यांची ही हकिकत बाभुळगावसारख्या काळ्या मातीच्या तालुक्यातील प्रत्येक शेतकरी कुटुंबाने वाचावी अशी आहे.

बैलबाजारात जनावर उभे केले की जाणता शेतकरी आधी त्याच्या तोंडात पाहतो. दोनदाती आहे, चारदाती आहे, सहादाती आहे की पुरता जुळला आहे, हे पाहून तो वय सांगतो. मालक काहीही सांगो, दात खोटे बोलत नाहीत. मग नजर पायांकडे जाते. खूर फाटलेले तर नाहीत ना, चाल सरळ आहे ना, हे तो पाहतो. दात आणि खूर या दोन गोष्टींवर हजारो रुपयांचा सौदा ठरतो.

प्राचीन प्राण्यांचा शोध घेणारे शास्त्रज्ञही नेमके हेच करतात. फरक एवढाच की त्यांच्यासमोर जनावर उभे नसते. ते लाखो, कधी कोट्यवधी वर्षांपूर्वीच मेलेले असते. हाती लागतो एखादा दात, खुराचे एखादे हाडूक किंवा शिंगाचा खुंट. तेवढ्यावरून ते जनावर काय खात होते, केवढे होते, कोणाच्या कुळातले होते हे ठरवायचे. आहे ना आपल्याच धंद्यातली गोष्ट?

खूर म्हणजे काय?

खूर म्हणजे दुसरे तिसरे काही नसून जाड झालेले नख होय. ज्या प्राण्यांना मोकळ्या रानात लांबवर चरायचे होते आणि वाघ-लांडग्यापासून पळ काढायचा होता, ते हळूहळू बोटांच्या टोकांवर उभे राहून चालू लागले. बोटे कमी होत गेली, नखे मोठी आणि टणक होत गेली. हे एका पिढीत झाले नाही. त्याला कोट्यवधी वर्षे लागली.

खुरवाल्या जनावरांचे दोन मोठे घराणे आहेत. पहिले जोडखुरांचे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, हरिण, उंट, डुक्कर ही मंडळी त्यात येतात. आपल्या बैलाचा पाय उचलून पाहा. पुढे दोन खूर आहेत आणि मागे, जमिनीला न टेकणारी, दोन लहान खुरे आहेत. ती जुन्या बोटांची खूण आहे. दुसरे घराणे विषम खुरांचे. त्यात घोडा व गाढव एकाच बोटावर उभे राहतात, तर गेंडा तीन बोटांवर.

दातांचेही तसेच. बैलाच्या दाढेवर चंद्रकोरीसारख्या कडा दिसतात. चारा दळायला त्या जात्याच्या टाक्यांसारख्या उपयोगी पडतात. घोड्याच्या दाढेवरच्या कडा अधिक गुंतागुंतीच्या, नागमोडी असतात. हत्तीची दाढ तर पट्ट्यापट्ट्यांची, जणू एकाला एक चिकटवलेल्या फळ्या. दाढ उंच आणि झिजलेली असली तर ते जनावर गवतावर जगत होते, ठेंगणी असली तर पाला व फळे खात होते, असा साधारण हिशेब मांडता येतो. म्हणजे एका दाढेवरून त्या काळी तेथे कुरण होते की जंगल होते याचाही अंदाज येतो.

आपल्या शिवाराखालचा खडक

बाभुळगाव तालुक्यात विहीर खणणाऱ्याला जमिनीचा पोत पाठ असतो. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कठीण पाषाण. कधी कधी या पाषाणाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा लागतो. कामकरी म्हणतात, “गेरू लागला.” हा लाल पट्टा म्हणजे एक जुनी पोथीच आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या दख्खनमध्ये जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हारस वर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा आला. थरावर थर साचले, थंड झाले आणि काळा पाषाण झाला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या पाषाणाने झाकलेला आहे. आपली कपाशी, तूर आणि सोयाबीन ज्या काळ्या मातीत उभी असते, ती माती याच पाषाणाच्या झिजेतून तयार झाली.

दोन उद्रेकांच्या मधला काळ पुष्कळदा हजारो वर्षांचा असे. त्या शांततेत खडकावर माती धरे, तळी साचत, झाडे उगवत, बेडूक-मासे-गोगलगाई नांदत. मग पुन्हा लाव्हा येई आणि सारे झाकून टाकी. अशा मधल्या थरांत त्या काळचे जीवन जसेच्या तसे बंदिस्त झाले. नागपूरजवळच्या टाकळी येथील असे थर मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तपासले व त्यांतील शिंपले, वनस्पती जगापुढे आणल्या. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. १८६३ साली टाकळघाटहून परतताना नाल्याच्या पुरात ते बुडून वारले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगावकलाँ येथील मधल्या थरांतून तर दगड झालेली फळे, बिया आणि लाकूड मिळाले आहे.

एक दात, काही मिलिमीटरचा

आता खरी गंमत ऐका. याच मधल्या थरांपैकी एक थर मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्यात किसलपुरी येथे आहे. तेथील माती संशोधकांनी पोत्यांनी गोळा केली, पाण्यात भिजवली आणि बारीक चाळण्यांतून धुतली. आपल्या बायाबापड्या धान्यातून खडे निवडतात, त्याच चिकाटीने चाळणीवरचा एकेक कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यातून निघाला एक दात, खालच्या जबड्यातील उजव्या बाजूची दाढ, आकार अवघा काही मिलिमीटरचा.

गुंटुपल्ली प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ‘सायन्स’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात या दाताचे वर्णन प्रसिद्ध केले. खुरवाल्या जनावरांच्या अगदी आद्य कुळाशी त्याचे नाते त्यांनी जोडले. जवळच्या खारमेर नदीवरून त्याला ‘खारमेरअंग्युलॅटम’ असे नाव दिले. त्या काळी डायनासोर अजून पृथ्वीवर हिंडत होते! त्यांच्या पायांखाली, झुडपांत लपतछपत, उंदराएवढे हे चिमुकले जनावर वावरत असावे. एकाच दातावरून केलेला निष्कर्ष नवे पुरावे मिळतील तसा पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. तरी एवढे खरे की ज्या लाव्ह्याची माती आपण नांगरतो, त्याच लाव्ह्याच्या थरांमध्ये खुरवाल्यांच्या इतिहासाचे पहिले पान शोधले जात आहे.

बेट झालेला देश

त्या काळी भारत आशियाला जोडलेला नव्हता. तो समुद्रात एकटा, उत्तरेकडे सरकत चाललेल्या प्रचंड बेटासारखा होता. पुढे तो आशियाला जाऊन भिडला आणि त्या रेट्यातून हिमालय उभा राहिला. या प्रवासाच्या काळात येथे काही आगळीच जनावरे निपजली.

गुजरातमध्ये सुरत जिल्ह्यात वस्तान येथे कोळशाची खाण आहे. तेथील सुमारे ५ कोटी ४५ लाख वर्षांपूर्वीच्या थरांतून ‘कँबेथेरियम’ नावाच्या जनावराची हाडे मिळाली. २००५ मध्ये त्याला नाव मिळाले. पुढे पुष्कळ हाडे जमल्यावर, २०१४ मध्ये, संशोधकांनी दाखवले की घोडा, गेंडा आणि टापीर यांच्या समान पूर्वजाचा हा अगदी जवळचा भाऊबंद होता. चण साधारण मेंढीएवढी. म्हणजे विषम खुरांच्या घराण्याची मुळे शोधायची तर भारताकडे पाहावे लागते.

दुसरी गोष्ट जम्मूकडच्या कालाकोटची. तेथून ए. रंगराव या भारतीय भूशास्त्रज्ञाने हाडे असलेले पुष्कळ दगड गोळा केले होते. त्यांचे निधन झाले. दगड तसेच पडून राहिले. त्यांच्या पत्नीने ते फेकले नाहीत, वर्षानुवर्षे जपले आणि अखेर हान्स थेविसेन या संशोधकाच्या हाती दिले. ते फोडून हाडे मोकळी करताना एका कवटीचा कानाचा भाग तुटला आणि आतले हाड उघडे पडले. ते हाड देवमाशाच्या कानातील हाडासारखे एका बाजूने जाड होते! जनावराचे नाव ‘इंडोहायस’. मांजराएवढे, लहानशा हरणासारखे, पायांना खूर, आणि काळ सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. २००७ साली हे प्रसिद्ध झाले. समुद्रातला अवाढव्य देवमासा हा जोडखुरांच्या कुळातून निघालेला, आणि त्याच्या खुरवाल्या जवळच्या नातेवाइकाची हाडे आपल्या देशातल्या दगडांत! एका बाईने नवऱ्याचे दगड जपले नसते तर हा पुरावा कुठल्यातरी उकिरड्यावर गेला असता.

शिवालिकचा चार शिंगांचा

हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्या तर खुरवाल्यांचे कोठारच. तेथे १८३० नंतरच्या काळात ह्यू फाल्कनर हे डॉक्टर आणि प्रॉबी कॉटली हे कालव्यांचे इंजिनिअर यांनी हाडांचे ढीग जमवले. गंगेचा मोठा कालवा बांधणारे कॉटली ते हेच. त्यांना सापडलेल्या एका प्राण्याला त्यांनी शिवाच्या नावावरून ‘शिवथेरियम’ म्हटले. जिराफाच्या कुळातला, पण मान आखूड, अंग बैलापेक्षा कितीतरी थोराड, आणि डोक्यावर चार शिंगे. मागची दोन पसरट, सांबराच्या शिंगांची आठवण करून देणारी.

आणि बलुचिस्तानातल्या बुगती टेकड्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी ज्याची हाडे मिळाली, तो बिनशिंगी गेंडा तर जमिनीवर वावरलेल्या सर्वांत मोठ्या सस्तन प्राण्यांत मोजला जातो. हत्तीही त्याच्यापुढे ठेंगणा दिसला असता.

गोदाकाठचा रानबैल

आता दूरचे सोडू आणि घराजवळ येऊ. कोट्यवधी वर्षांचा हिशेब बाजूला ठेवू. फक्त गेल्या काही लाख वर्षांकडे पाहू. तेव्हा आपल्या नद्या आजच्यासारख्याच वाहत होत्या, गाळ व रेती साठवत होत्या. पुरात मेलेले किंवा काठावर पडलेले जनावर गाळात पुरले जाई. पाण्यातला चुना व इतर क्षार हाडात झिरपत आणि हाड दगडासारखे जड होई. याला जीवाश्म म्हणतात.

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर आहे. आज ते पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. पण त्याच्याही आधी, १९०५ साली, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे गाय पिलग्रिम यांनी तेथील गोदावरीच्या गाळातून मिळालेल्या एका प्रचंड हत्तीवर लेख लिहिला. हा हत्ती आजच्या हत्तीपेक्षा उंच, सरळ सुळ्यांचा. हत्तीच्या नखांना आपण खूर म्हणत नाही, पण तो या कळपाचा शेजारी होता.

त्याच्यासोबत हिंडत होता तो रानबैल. नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडे प्रथम मोठ्या प्रमाणावर मिळाली म्हणून फाल्कनरने त्याला ‘बॉस नॅमॅडिकस’ असे नाव दिले. ग्रीक लोक नर्मदेला नॅमॅडस म्हणत, त्यावरून हे नाव. आजच्या बैलाहून थोराड, आणि शिंगे अशी की पाहणाऱ्याने दोन पावले मागे सरावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया यांनी १९५० नंतर गोदावरी आणि प्रवरेचे काठ पिंजून काढले, नेवाशाला उत्खनन केले. या खोऱ्यांच्या जुन्या गाळातून आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली आणि रानबैलाची हाडेही. त्याच संस्थेचे जी. एल. बदाम यांनी १९७९ साली भारतातील अशा साऱ्या प्राण्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मांजरा नदीच्या खोऱ्यातूनही असे अवशेष मिळाले आहेत.

त्या काळची नावे वाचली तर नवल वाटते. रानबैल, रानघोडा, नीलगाय, हरणे, आणि चक्क पाणघोडा! आज पाणघोडा पाहायचा तर आफ्रिकेत जावे लागते किंवा प्राणिसंग्रहालयात. आणि जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे १९७० नंतरच्या दशकात एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली नक्षी मिळाली, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे खानदेशात शहामृग धावत होते आणि माणूस त्यांची कवचे कोरून मणी करत होता.

नर्मदेकाठी हथनोरा येथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाची कवटी मिळाली, तीही अशाच जनावरांच्या हाडांनी भरलेल्या थरांतून. माणूस आणि रानबैल यांची ओळख किती जुनी आहे, याचा हा पुरावा.

ते गेले कुठे?

गेल्या पन्नास हजार वर्षांत जगात फार मोठी पडझड झाली. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात बहुतेक सारी मोठी जनावरे नाहीशी झाली. भारतात मात्र तेवढा संहार झाला नाही. सरळ सुळ्यांचा हत्ती, स्टेगोडॉन नावाचा दुसरा हत्तीसारखा प्राणी, पाणघोडा आणि येथील रानघोडा हे गेले. पण हत्ती, गेंडा, गवा, नीलगाय, सांबर टिकले. येथील जनावरांना माणसाची सवय लाखो वर्षांपासून हळूहळू झाली होती, म्हणून ती सावध राहिली असावीत, असे काही अभ्यासक म्हणतात.

पाणघोड्याची गोष्ट शेतकऱ्याला लवकर पटेल. त्याला बारमाही पाणी लागते. साधारण २० हजार वर्षांपूर्वी जग थंड व कोरडे झाले, मोसमी पाऊस अशक्त झाला. डोह आटले. त्याच्या एका अवशेषाचे वय सुमारे १६ हजार वर्षे निघाले आहे. आपल्या देशातल्या पाणघोड्याच्या अगदी शेवटच्या खुणांपैकी ही एक. ज्याने लागोपाठ दोन-तीन वर्षे पाऊस हुकलेला पाहिला आहे, त्याला पाण्यावर जगणारे जनावर कसे संपते हे वेगळे सांगायला नको.

गोठ्यात उरलेला वारसा

रानबैलाचे तसे नाही. तो रानातून गेला, पण पुरता गेला नाही. आपल्या वशिंडवाल्या देशी गाईबैलांचे पूर्वज हे भारतीय उपखंडातले रानबैलच होत, हे आता रक्ताच्या तपासणीवरून, म्हणजे डीएनएवरून, सिद्ध झाले आहे. युरोपातली बिनवशिंडी गाय वेगळ्या शाखेतली. या दोन शाखा माणसाने गाय पाळायच्या कितीतरी आधी फुटल्या होत्या. बलुचिस्तानातल्या मेहरगड येथे सुमारे ८ हजार वर्षांपूर्वी वशिंडवाली गुरे पाळली जात होती, असा पुरावा आहे.

तेव्हा पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावतो, ज्याच्या खुरांना पाणी घालतो, तो बैल म्हणजे त्या गोदाकाठच्या रानबैलाच्या कुळाची जिवंत खूण आहे. रानातला मूळ प्राणी कायमचा संपला. त्याचे जे काही गुण उरले, उन्हाचा तडाखा सोसणे, कडब्यावर भागवणे, गोचीड-तापाला दाद न देणे, ते आता फक्त गोठ्यात आहेत.

आणि येथेच काळजीची गोष्ट आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातली देशी गुरे आधीच्या गणनेपेक्षा ६ टक्क्यांनी घटली, तर संकरित व विदेशी गुरे जवळजवळ २७ टक्क्यांनी वाढली. दुधासाठी संकरित गाय ठेवणे गैर नव्हे. घरप्रपंचाला दुधाचा पैसा लागतोच. ट्रॅक्टर आल्यावर चार चार बैलजोड्या कोणी पोसाव्यात असेही कोणी म्हणणार नाही. पण आपल्या विदर्भाची गवळाऊ जात, पांढरी, चपळ, गाडीला पळणारी, वर्धा-नागपूरकडची, ती टिकायला हवी. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील हेटीकुंडी येथे या जातीसाठी सरकारी पैदास केंद्र आहे. गावात निदान एक-दोन घरी तरी चांगला देशी वळू आणि चार गाई असाव्यात. रानबैल संपला तेव्हा त्याला वाचवणारे कोणी नव्हते. गवळाऊ संपली तर तसे म्हणायची सोय आपल्याला राहणार नाही.

हाड सापडले तर

आपली बेंबळा नदी वर्धेला मिळते. अशा नद्या-नाल्यांच्या उंच दरडी, रेतीघाट, विहिरीचे खोदकाम, कालव्याचे चर ही जुने अवशेष दिसण्याची ठिकाणे. पुष्कळदा असे हाड ‘राक्षसाचे’ म्हणून फोडले जाते, कोणी औषध म्हणून उगाळतो, नाहीतर ते रेतीच्या ट्रकमधून बांधकामावर जाते. एकदा थरातून हलले की त्याचे अर्धे मोल गेले, कारण वय ठरते ते थरावरून. साताबारा हरवलेल्या जमिनीसारखी त्याची गत होते. म्हणून एवढे लक्षात ठेवा.

१. हाड नेहमीपेक्षा फार जड लागले, वाजवल्यावर दगडासारखे वाजले, तर ते जुने असण्याचा संभव आहे. जाळून किंवा फोडून परीक्षा करू नका.

२. शक्य तर जागेवरून काढू नका. दरड कोसळण्याची भीती असेल तरच काढा, आणि जागेवर खुंटी ठोकून खूण ठेवा.

३. मोबाइलवर फोटो घ्या. शेजारी पट्टी, निदान काडेपेटी ठेवा, म्हणजे आकार कळेल. एक फोटो जवळून, एक पूर्ण दरडीचा.

४. वरून किती हात खाली, कोणत्या थरात, म्हणजे रेतीत, पिवळ्या मातीत की चुनखडीच्या थरात मिळाले, ते वहीत लिहा.

५. हाड धुवू नका, वॉर्निश किंवा तेल लावू नका. जुन्या सुती कपड्यात गुंडाळून सावलीत ठेवा.

६. शाळेतल्या गुरुजींना, तलाठ्याला सांगा. नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे मुख्यालय आहे, विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे. पुण्याला डेक्कन कॉलेज आहे. त्यांना फोटोसह कळवा.

७. दरडीखाली मुलांना एकट्याने खणू देऊ नका. हाडापेक्षा जीव मोलाचा.

नागपूरला कामानिमित्त जाणे झाले तर मुलांना १८६३ साली सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला ‘अजब बंगला’, जरूर दाखवा. आणि तोवर एक सोपा धडा घरच्या गोठ्यातच देता येईल. संध्याकाळी बैल दावणीला बांधला की मुलांना त्याचा पाय दाखवा, पुढचे दोन खूर आणि मागची दोन लहान खुरे मोजायला लावा. रवंथ करताना जबडा आडवा कसा फिरतो ते पाहायला सांगा. पुस्तकातले कोट्यवधी वर्षांचे आकडे मुले विसरतील. पण ती चार खुरे विसरणार नाहीत, आणि उद्या नाल्याच्या दरडीत दगड झालेली दाढ दिसली तर ती ओळखणारे पहिले डोळे कदाचित त्यांचेच असतील.